पालथ्या पाटीची जागा

समजा, तुम्हाला एक काम सांगितलंय. गोदामाच्या छताला टांगलेला कॅमेरा दिवसभर जे बघतो, ते कॉम्प्युटरच्या डिस्कवर साठवायचं. चित्र येतच राहणार, ते कोणासाठी थांबत नाही. मध्येच डिस्कवरची जागा संपली तर पुढचं सगळं गेलं. म्हणून तुम्ही आधीच सावध होता. चित्र यायच्या अगोदर डिस्कला सांगून ठेवता की या फाईलसाठी एवढी जागा राखून ठेव, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. डिस्क म्हणते, ठेवली. एंटरवरचं बोट उचलायच्या आत काम झालेलं असतं.

आता तोच प्रोग्रॅम, एका अक्षराचाही फरक न करता, पलीकडच्या टेबलावरच्या मशीनवर चालवा. एंटर दाबा. काही होत नाही. खाली जाऊन चहा पिऊन या. अजून काही नाही. चहावाल्याशी गप्पा मारून या. तरी नाही. पलीकडच्या टेबलावरचा माणूस तोवर खुर्ची मागे रेलून बसलाय आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतोय, "तुझा कोड मंद आहे."

तुम्ही काय कराल? बहुतेक जण जागा राखणारी ती ओळच काढून टाकतात. वेळ वाचतो, बोलणी थांबतात, आणि डिस्क भरेल तेव्हाचं तेव्हा बघू.

मोनाली नाखवाने ती ओळ काढली नाही.

मोनाली करंजाची. उरणच्या पुढे समुद्राला टेकलेलं कोळ्यांचं गाव. वडील कमळाकर आधी होडीवर होते, मग बंदरात कंत्राटावर लागले, मग पुन्हा होडीवर आले. "सायबाची शिटी ऐकन्यापेक्षा वाऱ्याची बरी," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. आई रंभा पनवेलच्या मासळी बाजारात बसते. मोनालीने डिप्लोमा केला, मग डिग्री केली, आणि २०१३ साली पनवेलच्या लाईन आळीत, भांड्यांच्या दुकानाच्या वर असलेल्या आमच्या छोट्याशा कंपनीत नोकरीला लागली. आम्ही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवायचो. गिऱ्हाइकं बहुतेक द्रोणागिरीची गोदामं.

ही मुलगी उगाच 'हो' म्हणत नाही, हे ऑफिसात पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं. मालक आठल्ये सर मीटिंगमध्ये विचारायचे, "होईल ना सोमवारपर्यंत?" आम्ही सगळे माना डोलवायचो. ती म्हणायची, "बघून सांगते." सरांना हे 'बघून सांगते' अजिबात आवडायचं नाही.

"अगं, आधी हो म्हणायचं, मग बघायचं. धंद्याची रीत आहे ती."

"सर, आमच्याकडे आधी पाणी बघतात, मग होडी सोडतात. उलटं करणारे परत आलेले मी तरी पाहिले नाहीत."

सर हसले, पण फार नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी द्रोणागिरीच्या एका गोदामातून तक्रार आली. पितळी नळांची खोकी चोरीला गेली होती आणि नेमक्या त्या दुपारचं रेकॉर्डिंग सापडत नव्हतं. सरांनी मोनालीला पाठवलं. तिने बघितलं तर डिस्क दुपारीच गच्च भरलेली. त्यानंतर आमच्या सॉफ्टवेअरने एक चित्रही साठवलं नव्हतं. पडद्यावरचा हिरवा दिवा मात्र तसाच चालू, जसं काही सगळं आलबेल आहे.

ती हे सुपरवायझर काशिराम घरतला समजावून सांगत होती, तेवढ्यात गेटपाशी आरडाओरडा झाला. शुक्रा नावाच्या हमालाला बाहेर काढत होते. पळस्प्याच्या बाजूला डोंगराकडेला कातकऱ्यांची वाडी आहे, तिथला तो. खोकी उतरवायच्या कामावर त्या दुपारी तो होता, म्हणून चोर तोच, असं ठरलं होतं. त्याची बायको ठकी डोक्यावर घमेलं घेऊन एका बाजूला उभी होती. शुक्राने मोनालीच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र पाहिलं आणि थेट तिच्याकडे आला. वर टांगलेल्या कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाला, "बाय, ह्यो तुमचा ना? ह्यो बगत व्हता मना. दिसभर बगत व्हता. मंग आता सांगत का नाय?"

वॉचमनने शुक्राला दंडाला धरून गेटबाहेर नेलं.

परत आल्यावर तिने जागा राखायचं काम हाती घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी दिवसभराची जागा मागायची, मिळाली तरच हिरवा दिवा लावायचा. प्रोग्रॅमच्या त्या भागाला तिने नाव दिलं 'पाटी'. प्रणितने ते नाव वाचून टेबल बडवत हसून घेतलं.

प्रणित म्हात्रे आमचा टेस्टिंगवाला. राहायला बेलपाड्यात, जिथे त्याच्या आजोबांची शेती होती तिथे आता खारघरचे टॉवर. स्वभावाने वाईट नाही, पण दुसऱ्याची चूक सापडली की त्याच्या अंगात यायचं. आणि अंगात आलं की तो शहरी मराठी सोडून गावच्या बोलीवर उतरायचा.

"काय गो मोने, कोडमंदी मासली विकतेस का?"

"आईची पाटी आहे ती. तुला नाही कळायची."

मग तिने सांगितलं. मासळी बाजारात संध्याकाळी घरी जाताना तिची आई आपल्या जागेवर रिकामी पाटी पालथी घालते आणि वर एक दगड ठेवते. दुसऱ्या दिवशी करंजाहून टेम्पो उशिरा आला तरी त्या जागेवर कोणी बसत नाही. नवी कोणी बाई बसायला गेलीच तर शेजारची म्हणते, रंभेची पाटी हाय तिथं, उठ. पाटीत मासे असावे लागत नाहीत. पाटी असली की झालं.

"डिस्कवर तेच करायचंय," मोनाली म्हणाली. "आधी पाटी पालथी घालायची. मासळी येईल तेव्हा येईल."

तिच्या मशीनवर ते सुरेख चाललं. मग नवी आवृत्ती प्रणितच्या टेस्टिंग मशीनवर गेली, आणि सुरुवातीला मी जे तुम्हाला कल्पायला सांगितलं ते सगळं घडलं. चहा, चहावाल्याशी गप्पा, सगळं.

"मोने, तुजी होरी चिखलान रुतली गो," प्रणित ओरडला. मग तो सरांच्या केबिनमध्ये गेला, आणि तिथे अर्थातच शुद्ध मराठीत बोलला.

आठल्ये सर बाहेर आले. पुढच्या आठवड्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाला डेमो द्यायचा होता, त्यांची द्रोणागिरीत ओळीने गोदामं होती.

"मोनाली, ते तुझं पाटीप्रकरण काढून टाक. सॉफ्टवेअर सुरू व्हायलाच एवढा वेळ लागला तर गिऱ्हाईक उठून जाईल."

"सर, माझ्या मशीनवर लागत नाही. कुठेतरी दुसरंच काहीतरी आहे. शोधू द्या."

"शोधायला वेळ नाहीये. आणि मुळात हे मागितलं कोणी? कुठल्या गिऱ्हाइकाने?"

"शुक्राने."

"कोण शुक्रा?"

"खोक्यांच्या चोरीत ज्याला काढलं तो हमाल."

सरांनी चष्मा काढून पुसला. "तो आपलं गिऱ्हाईक आहे का?"

"नाही सर. पण आपला कॅमेरा त्याच्यावर होता."

सर म्हणाले, "हे बघ, मला वाद घालायचा नाहीये. शुक्रवारपर्यंत ती ओळ काढ."

मोनाली उभी राहिली. उंचीने ती लहानखुरी, सरांच्या खांद्यापर्यंतही येत नव्हती. "सर, आपल्याकडे कोडमधला प्रत्येक बदल कोणी केला ते नावानिशी कायमचं राहतं. माझ्या नावाने ती ओळ निघणार नाही. तुम्हाला काढायची असेल तर तुमच्या नावाने काढा. मला काढायचं असेल तर मलाही काढा. पण मंद का आहे हे कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

सर केबिनमध्ये गेले. त्यांना कोड लिहिणं सोडून बरीच वर्षं झाली होती, आणि प्रणितला ती ओळ कुठे आहे हे माहीत असूनही त्याने हात लावला नाही. तेवढा तो शहाणा होता. पण मागे हटणाराही नव्हता. "शुक्रवारी बघू," म्हणाला.

मोनालीने शोधायला घेतलं. आधी संशय डिस्कवर गेला. तिच्या मशीनमध्ये होती तशीच कोरी डिस्क तिने प्रणितच्या मशीनमध्ये बसवायला लावली. काही फरक नाही. तितकाच वेळ. प्रणित म्हणाला, "नवी डिस्क पन घाबरली गो तुला." दोघंतिघं हसले. ती हसली नाही, रागावलीही नाही. होणाऱ्या वहिनीच्या हळदीला जायचं होतं, तेही तिने टाळलं. घरी त्यावरून बोलणी खाल्ली असणार.

मग तिने एक साधन वापरलं. आपला प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमकडे काय काय मागतो आणि त्याला काय उत्तर मिळतं, ते ओळीओळीने दाखवणारं. तिच्या मशीनवर एकच ओळ दिसली: एवढी जागा राखून ठेव. उत्तर: ठेवली. प्रणितच्या मशीनवर तीच ओळ आली, पण उत्तर होतं: हे मला जमत नाही. आणि त्यानंतर पडद्यावर ओळींचा पाऊस. एक शून्य लिही. पुढे जा. एक शून्य लिही. पुढे जा. थांबायचं नावच नाही.

मीही खुर्ची ओढून बघायला बसलो. जागा मागायचं काम आमचा प्रोग्रॅम स्वतः करत नव्हता, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडच्या एका तयार लायब्ररीकडे सोपवत होता. सगळं जग ती लायब्ररी वापरतं. सिस्टीम 'जमत नाही' म्हणाली तर ती लायब्ररी गप्प राहून दुसरा रस्ता धरायची. फाईलच्या प्रत्येक चौकटीत जाऊन एकेक शून्य ठेवून यायची, पार शेवटपर्यंत. आणि सगळं उरकल्यावर आम्हाला सांगायची, झालं. मधे काय झालं याचा एक शब्द नाही.

"बघ," मोनाली मला म्हणाली, "हिला पाटी पालथी घाल म्हणून सांगितलं. हिला पाटी मिळाली नाही. तर ही प्रत्येक फरशीवर एकेक बोंबील ठेवत सुटलीय, प्रत्येक बोंबलासाठी करंजाला परत जाऊन. आणि वर आपल्याला सांगते, जागा ठेवली हां."

पण डिस्क तर तिच्याच मशीनसारखी. मग एकीला जमतं आणि दुसरीला का नाही?

ते शेवटी दिसलं, कोडमध्ये नाही, डोळ्यांनी. प्रोग्रॅम चालू असताना ती प्रणितच्या टेबलाखाली वाकली होती. डिस्क काम करते तेव्हा मशीनच्या डब्यावरचा छोटा लाल दिवा लुकलुकतो. तो अगदी गप्प होता. आणि डब्याच्या मागे, नेटवर्कची वायर जिथे घुसते तिथला दिवा नुसता थयथयाट करत होता.

"प्रणित," ती टेबलाखालूनच म्हणाली, "तुझी डिस्क झोपलीय. तुझा डेटा या मशीनवर नाहीच."

"नाय कसा? हा काय फोल्डर."

"फोल्डर इथे दिसतोय. आहे दुसरीकडे."

ती वायर धरून निघाली. वायर भिंतीच्या कडेकडेने, दाराच्या चौकटीवरून, पॅन्ट्रीकडे गेली. तिथे चहाच्या कपांच्या कपाटाखाली इन्व्हर्टर होता आणि इन्व्हर्टरच्या बाजूला धूळ खात चालू असलेला एक जुना सर्व्हर. ऑफिसात कोणाच्याच तो लक्षात नव्हता. पॅन्ट्रीत चहा करणारी बाई त्यावर चहापत्तीचा डबा ठेवायची.

प्रणित मागून आला, सर्व्हर पाहिला, आणि कपाळावर हात मारला. "अयायायी."

लोडशेडिंगच्या दिवसांत पनवेलला रोज वीज जायची, आणि इन्व्हर्टरवर एकच मशीन तग धरायचं. टेस्टिंगचा डेटा मध्येच उडायचा म्हणून प्रणितनेच तेव्हा शक्कल काढली होती. डेटाचा फोल्डर त्या सर्व्हरवर ठेवायचा आणि आपल्या मशीनवर तो आपलाच असल्यासारखा जोडून घ्यायचा. तेव्हा सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती. मग लोडशेडिंग गेलं, आणि ती जोडणी तशीच राहिली. नेटवर्कवरून जोडलेल्या त्या फोल्डरला जागा राखून ठेवणं जमतच नव्हतं. म्हणून एकेक शून्य त्या वायरीतून, चहापत्तीच्या डब्याखाली जात होतं. मोनाली लोडशेडिंग संपल्यावर लागली, त्यामुळे तिच्या मशीनला ही जोडणी कधी झालीच नव्हती.

"तुज्याच बंदराचा धक्का फुटला होता रे," मोनाली त्याच्याच बोलीत म्हणाली, "आनि माज्या होरीला नावं ठेवतस."

प्रणित कान पकडून उभा राहिला. पण ते सगळं खोटं खोटं नव्हतं. त्याने सरांसमोर जाऊन स्वतः सांगितलं, चूक माझ्या फोल्डरची होती, तिच्या कोडची नाही. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

सर खूश झाले. "चला, म्हणजे ओळ राहू दे. प्रश्न मिटला."

"नाही मिटला," मोनाली म्हणाली.

सरांनी डोळे मिटले. "आता काय?"

"उद्या एखाद्या गोदामवाल्याने पैसे वाचवायला अशीच नेटवर्कवरची डिस्क लावली तर? लायब्ररी त्यालाही काही सांगणार नाही. म्हणून आता मी तिच्यावर सोपवणार नाही. आपण स्वतः विचारू. जागा खरंच मिळाली तर हिरवा दिवा. नाही मिळाली तर रेकॉर्डिंग सुरूच करायचं नाही. लाल दिवा, मोठ्या अक्षरांत 'जागा नाही', आणि घंटा."

"घंटा? अगं, डेमोमध्ये घंटा वाजली तर गिऱ्हाईक घाबरेल."

"घाबरू दे की. चोरीच्या दिवशी घाबरण्यापेक्षा बरं."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी पुन्हा विचारीन. सर, हिरवा दिवा लावून खोटं बोलणारं सॉफ्टवेअर मी एकदा गोदामात बघून आलेय. दुसऱ्यांदा आपलंच नाव लावून ते विकायला मी जाणार नाही."

सर केबिनच्या दाराकडे वळले. मग म्हणाले, "घंटा हळू वाजव."

"मोठ्याने वाजेल," ती म्हणाली, आणि टेबलावर जाऊन बसली.

डेमोत घंटा वाजली. मोनालीने मुद्दामच भरलेली डिस्क लावून ती वाजवून दाखवली. गिऱ्हाईक दचकलं, मग हसलं, आणि माल घेतला. सरांनी त्या दिवशी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली, आणि घंटेची कल्पना आपलीच होती असं दोनदा सांगितलं. मोनालीने मिसळीत तर्री वाढून घेतली.

तिचं लक्ष दुसरीकडे होतं. खोक्यांच्या चोरीच्या त्या गोदामात नवी आवृत्ती बसवायची होती, आणि ते काम तिने मागून घेतलं. मी तिच्याबरोबर गेलो होतो. तिने डिस्क बदलली, पाटी पालथी घातली, हिरवा दिवा लागला. काशिराम घरत पडद्याकडे बघून म्हणाला, "आता बंद नाय ना पडणार?"

"पडलं तर बोंब मारेल," मोनाली म्हणाली. "शुक्रा कुठाय?"

"कोन शुक्रा?"

"ज्याला तुम्ही काढलंत."

"अच्छा, तो. गेला गो कुटंतरी. वीटभट्टीवर असंल. त्यांचं काय, आज हितं, उद्या तितं. बायकोला पन नेलं."

"त्याला सांगाल का, की त्या दुपारी कॅमेरा काहीच बघत नव्हता म्हणून?"

"आता सांगून काय करू? तो चोर व्हता का नव्हता, कोनाला म्हायती?"

मोनालीने लॅपटॉप बंद केला. तिचा आवाज वाढला नाही, पण माल उतरवणारे हमाल थांबून तिच्याकडे बघायला लागले.

"तेच तर. कोणालाच माहीत नव्हतं. त्या दुपारचं एकही चित्र नव्हतं. आमची चूक होती, मी तेव्हाच तुम्हाला सांगितलं होतं. नुसती रिकामी जागा होती, घरतदादा."

घरतने नजर वळवली. गेटवर ट्रकचा हॉर्न वाजला, तो त्याला बरा सापडला. "बघतो हां मी, माल आलाय," म्हणत तो निघाला. मोनाली त्याच्या मागोमाग गेटपर्यंत गेली. ट्रक आत येईपर्यंत थांबली, ड्रायव्हरशी त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबली. मग पुन्हा त्याच्यासमोर उभी राहून तिने एकच प्रश्न विचारला.

त्यानंतर त्या गोदामात जेव्हा जेव्हा काम निघालं, तेव्हा ती स्वतः गेली आणि दर वेळी घरतला तोच प्रश्न विचारून आली. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. तिने विचारणं सोडलेलं नाही.

"त्या रिकाम्या जागेत शुक्राचं नाव कोणी लिहिलं?"